इस्लाम विमानात बसत नाही

२९ जुलै २०२४ रोजी इंग्लंडमधल्या साउथपोर्ट गावात एका सतरा वर्षांच्या मुलानं नाचाच्या वर्गात शिरून तीन लहान मुलींचा चाकूनं खून केला. काही तासांत समाजमाध्यमांवर बातमी फिरली की मारेकरी होडीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमावानं गावातल्या मशिदीवर विटा फेकल्या आणि पोलिसांची गाडी पेटवली. प्रत्यक्षात मारेकरी कार्डिफमध्येच जन्मलेला, रवांडाहून आलेल्या ख्रिस्ती आईबापांचा मुलगा होता. हे जाहीर झाल्यावरही दंगली थांबल्या नाहीत. इकडे आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच आठवड्यात एक तक्ता आला: युरोपातल्या कुठल्या देशात किती टक्के मुसलमान, आणि खाली लाल अक्षरांत ‘पुढचा नंबर कुणाचा?’ त्यावर दुसऱ्या बाजूच्या दोघांनी एका वाक्यात निकाल दिला, की हा सगळा इस्लामद्वेष आहे, प्रश्न असा काही नाहीच. दोन दिवस हाणामारी झाली. मग कुणीतरी संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ टाकली आणि विषय संपला.

दोन्ही बाजूंची चूक एकच आहे, म्हणून हा लेख. ‘इस्लाम पश्चिमेत मिसळेल का?’ हा प्रश्न मुळातच वाकडा आहे, कारण इस्लाम कधी विमानात बसत नाही. बसतात माणसं. ती कुठल्यातरी एका तालुक्यातून निघतात, कुठल्यातरी एका गिरणीसाठी, कुठल्यातरी एका कायद्याच्या फटीतून. तिथे ती कशी राहतील हे ठरवताना तालुका, गिरणी आणि कायदा यांचा वाटा धर्माहून मोठा असतो. धर्माचा वाटा शून्य असतो असं मला म्हणायचं नाही. पण ज्याला आपण आज ‘तिकडचा मुसलमान समाज’ म्हणतो, तो समाज तयार अवस्थेत तिथे उतरला नव्हता. तो तिथे घडवला गेला, आणि घडवणाऱ्यांत मौलवी होते तसेच नगरपालिकेचे गोरे अधिकारीही होते.

ब्रिटनपासून सुरुवात करू. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक माणसं पाकव्याप्त काश्मीरच्या मिरपूर आणि आसपासच्या भागातली आहेत. लाहोर नाही, कराची नाही, एक डोंगराळ, कोरडवाहू जिल्हा. याचं एक मोठं कारण आहे मंगला धरण. १९६० च्या सिंधू पाणीवाटप करारानंतर झेलम नदीवर हे धरण बांधलं गेलं, १९६७ मध्ये पुरं झालं, आणि एक लाखाहून जास्त लोकांची घरं-शेतं पाण्याखाली गेली. जुनं मिरपूर शहर बुडालं. आजही पाणी उतरलं की त्यातल्या जुन्या देवळांचे आणि दर्ग्यांचे माथे वर येतात, आपल्या उजनीत पळसनाथाचं देऊळ वर येतं तसे. मिरपूरची माणसं त्याआधीही ब्रिटिश जहाजांच्या भट्ट्यांवर कोळसा ओढायला जात होतीच. धरणानंतर ती वाट रुंद झाली. उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहराच्या लोकर गिरण्यांना रात्रपाळीला माणसं हवी होती, गोरे कामगार रात्रपाळी करायला तयार नव्हते, आणि मिरपूरच्या माणसाकडे परत जायला शेत उरलं नव्हतं.

ही माणसं ब्रॅडफर्डमध्ये कशी राहिली? एका घरात दहा-पंधरा जण, आणि खाटा पाळीच्या हिशेबानं. रात्रपाळीचा परत आला की दिवसपाळीचा उठलेला असायचा, अंथरूण गरमच. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये. लालबाग-परळला गावकीच्या खोल्या अशाच चालायच्या. रत्नागिरीचा चाकरमानी मुंबईत तीस वर्षं गिरणीत काम करायचा, पण राहायचा गावच्या खोलीत, जेवायचा गावच्याच बाईच्या खाणावळीत, बायको-पोरं गावाला, लग्न गावात, गणपती-शिमग्याला रजा पक्की. मुंबईत ‘मिसळायचा’ तो किती? त्याला कुणी विचारलं असतं तर तो हसला असता. तो मुंबईत मिसळायला आलाच नव्हता, मनिऑर्डर करायला आला होता. मिरपूरचा माणूसही तसाच गेला होता. काका पाच वर्षं राबून परत यायचा, त्याच्या जागी पुतण्या जायचा. हे चक्र कायद्यानं मोडलं. १९६२ मध्ये ब्रिटननं राष्ट्रकुलातल्या नागरिकांच्या प्रवेशावर बंधनं आणली. कायदा येतोय म्हटल्यावर घाईघाईनं माणसं आली, आणि आल्यावर परत गेली नाहीत, कारण एकदा बाहेर पडलं की पुन्हा दार उघडेल याचा भरवसा नव्हता. मग बायका-मुलं आली. मग मुलांना कुराण शिकवायला कुणीतरी हवं, म्हणून मौलवी आला. एकटे पुरुष असताना ब्रॅडफर्डमध्ये मशिदी जेमतेम होत्या. कुटुंबं आल्यावर त्या गल्लोगल्ली झाल्या.

जर्मनीत तर हे आणखी स्वच्छ दिसतं. ऑक्टोबर १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. नाव ठेवलं ‘पाहुणे कामगार’, मुदत दोन वर्षांची. कारखानदारांनीच तक्रार केली की शिकवून तयार केलेला माणूस घालवून नवा कशाला शिकवायचा, आणि १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ च्या तेलसंकटात भरती बंद झाली. त्यानंतर तुर्कांची संख्या घटली नाही, वाढली. ब्रिटनमध्ये झालं तेच: दार बंद केल्यावर आतले आतच राहिले आणि त्यांनी घरच्यांना बोलावून घेतलं. पुढची तीन-चार दशकं हे लोक पाहुणेच आहेत असं जर्मनी स्वतःला सांगत राहिली. नागरिकत्वाचा कायदा १९१३ चा, रक्ताच्या नात्यावर चालणारा. कोलोनमध्ये जन्मलेलं तुर्की पोर जन्मानं जर्मन ठरायला १ जानेवारी २००० उजाडावं लागलं. ज्याला चाळीस वर्षं मतदार होऊ दिलं नाही, त्याची निष्ठा कुठे आहे असं विचारण्याला काय म्हणायचं?

इथे समोरचा सर्वांत जड मुद्दा मांडतो आणि तो मान्य केलाच पाहिजे. पंजाबचे शीखही असेच गेले, गुजराती हिंदूही गेले. वंशद्वेष त्यांच्याही वाट्याला आला. मग शिक्षणात, कमाईत ते पुढे आणि पाकिस्तानी-बांगलादेशी मागे, हे का? बाकी सगळं वगळलं की एकच घटक उरतो, धर्म. हा तर्क वरवर बिनतोड दिसतो, पण तो तुलना चुकीच्या जोड्यांत करतो. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून हाकललेले गुजराती हे पेढ्या चालवलेले, इंग्रजी जाणणारे, हिशेबात मुरलेले लोक होते. मिरपूरचा माणूस कोरडवाहू शेतकरी. तुलना करायचीच तर त्याच युगांडातून त्याच वर्षी निघालेल्या इस्मायली मुसलमानांशी करा. ते ब्रिटनमध्ये आणि कॅनडात त्या गुजराती हिंदूंइतकेच वर चढले. अमेरिकेतले पाकिस्तानी डॉक्टर आणि इंजिनिअर घ्या. धर्म तोच, व्हिसा वेगळा. आणि सर्वांत बोलकं उदाहरण पूर्व लंडनचं. टॉवर हॅम्लेट्स या भागात सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांची वस्ती दाट आहे. (आपण लंडनला जाऊन ज्यांच्याकडे ‘इंडियन’ जेवतो ते बहुतेक हेच.) १९९७ मध्ये तिथला शाळाविभाग इंग्लंडच्या क्रमवारीत तळाला होता. आज दहावीच्या तोडीच्या जीसीएसई परीक्षेत बांगलादेशी मुलांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या वर आहे. या काळात त्या मुलांनी धर्म बदलला नाही. शाळांना पैसा मिळाला, चांगले मुख्याध्यापक मिळाले, आणि आईबापांची दुसरी पिढी आली. धर्मामुळे मागे होते म्हणणाऱ्यांनी आता धर्मामुळेच पुढे गेले म्हणायला हवं. ते तसं म्हणणार नाहीत, आणि म्हणूही नये.

दुसरा मुद्दा याहून कडू आहे, आणि माझ्या बाजूचे लोक तो टाळतात. उत्तर इंग्लंडमधलं रॉदरहॅम. २०१४ च्या चौकशी अहवालानं अंदाज दिला की १९९७ ते २०१३ या काळात त्या एका गावात सुमारे १४०० मुलांचं, त्यांत बहुतेक मुलीच, लैंगिक शोषण झालं, आणि माहीत झालेल्या गुन्हेगारांपैकी बहुसंख्य पाकिस्तानी वंशाचे होते. अधिकाऱ्यांना माहीत होतं. काही जण गप्प बसले कारण वंशवादी म्हणवून घेण्याची भीती वाटत होती. पोलिसांनी तर अनेकदा त्या गरीब घरच्या मुलींनाच वाया गेलेल्या ठरवलं. हे ‘अपवाद’ म्हणून झाडून टाकता येत नाही. पण त्याच अहवालातली एक गोष्ट तक्तेवाले कधी सांगत नाहीत: नगरपालिका पाकिस्तानी वस्तीशी बोलायची ती तिथल्या पुरुष पुढाऱ्यांमार्फत, आणि वस्तीतल्याच बायकांनी याबद्दल तक्रार केली होती. समाजाशी बोलायचं म्हणजे त्याच्या ठेकेदारांशी बोलायचं, ही सवय त्या गुन्ह्याला पोसत होती. मुलींना गप्प करणारी ‘सहिष्णुता’ आणि वस्तीतल्या बायकांना गप्प करणारे पंच हे एकाच टेबलावर बसून चहा पीत होते.

हे टेबल कधी मांडलं गेलं? १९७० च्या दशकात ब्रॅडफर्ड आणि लंडनच्या साउथॉलमधली तरुण पोरं स्वतःला मुसलमान म्हणून संघटित करत नव्हती. ती ‘एशियन’ होती, काही तर स्वतःला सरळ ‘ब्लॅक’ म्हणत. १९७६ मध्ये साउथॉलला एका शीख मुलाचा खून झाल्यावर उभ्या राहिलेल्या युवक चळवळींत धर्म हा विषयच नव्हता. १९८१ मध्ये वंशवादी टोळ्यांच्या हल्ल्याला तोंड देण्यासाठी पेट्रोलबाँब तयार केल्याबद्दल ब्रॅडफर्डच्या बारा तरुणांना अटक झाली. त्यांत हिंदू, मुसलमान, शीख सगळे होते, आणि पुढच्या वर्षी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर ते सुटले. या पोरांशी बोलणं नगरपालिकेला अवघड जात होतं. ती घरं, नोकऱ्या आणि पोलीस यांबद्दल बोलायची. त्यामानानं मशिदीचे विश्वस्त सोपे: त्यांना हलाल मांस आणि मुलींच्या पोहण्याच्या तासाबद्दल बोलायचं असे. त्याच १९८१ मध्ये ब्रॅडफर्डमध्ये मशिदींची परिषद स्थापन झाली, नगरपालिकेच्या पाठिंब्यानं. आठ वर्षांनी, १४ जानेवारी १९८९ ला, याच परिषदेच्या पुढाकारानं सलमान रश्दींची कादंबरी भर चौकात जाळली गेली. तेव्हा सगळे म्हणाले, हे लोक मिरपूरहून आपला मध्ययुग घेऊन आले. मिरपूरहून ते पीर, दर्गे आणि उरूस घेऊन आले होते. पुस्तक जाळायला लागणारी संघटना ब्रॅडफर्डमध्ये तयार झाली.

आपण त्यावर नाक मुरडण्याआधी एवढं आठवावं की त्या पुस्तकाच्या आयातीवर बंदी घालण्यात भारत सरकार आघाडीवर होतं, ऑक्टोबर १९८८ मध्ये, खोमेनींच्या फतव्याच्या चार महिने आधी. आपल्या सरकारनंही तेच केलं होतं: समाजाशी बोलायचं म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजाशी बोलायचं. हमीद दलवाई हयात असते तर त्यांना यात नवल वाटलं नसतं. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी फक्त सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला होता. सात. त्या सात जणींकडे कुणाही सरकारचं शिष्टमंडळ गेलं नाही. मे १९८९ मध्ये लंडनला रश्दीविरोधी प्रचंड मोर्चा निघाला तेव्हाही मूठभर स्त्रिया रश्दींच्या बाजूनं रस्त्यावर उभ्या होत्या, त्यांत दक्षिण आशियाई बऱ्याच होत्या. एकीकडून मोर्चेकरी त्यांच्यावर धावून आले, दुसरीकडून गोरे वंशवादी. आज ज्यांना सुधारक मुसलमान कुठे आहेत असा प्रश्न पडतो, त्यांनी त्या दिवशी त्या स्त्रियांच्या बाजूला उभं राहायला किती जण गेले होते हेही विचारावं.

तिसरा आक्षेप जागतिकीकरणाचा, आणि तो मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. पूर्वीचे स्थलांतरित मिसळले, कारण जहाजाचं तिकीट एकमार्गी होतं. १९०५ मध्ये ज्यांना रोखायला ब्रिटननं परकीयांचा कायदा केला ते रशियातून आलेले ज्यू मागे काही ठेवून आलेच नव्हते. आज मँचेस्टरहून इस्लामाबादला थेट विमान जातं, गावची वाहिनी घरात दिसते, सौदी पैशानं छापलेली पुस्तकं फुकट मिळतात. जर्मनीत तर इमामांचा पगारच अंकाराहून येत आला: १९८४ मध्ये कोलोनला स्थापन झालेली ‘दितिब’ ही संघटना तुर्की सरकारच्या धर्मखात्याशी बांधलेली आहे, आणि २०१७ मध्ये तिच्या काही इमामांवर हेरगिरीचा संशय येऊन चौकशी झाली. हे सगळं खरं. दुसऱ्या देशाच्या सरकारनं पगार दिलेला धर्मगुरू कुठल्याही देशानं का चालवून घ्यावा, याला माझ्याकडे उत्तर नाही, घेऊ नये. पण हेही पाहा, की जर्मनीनं स्वतः इमाम तयार करण्याची सोय केली ती ओस्नाब्रूकला, २०२१ मध्ये. भरतीनंतर साठ वर्षांनी. तोपर्यंत फुकटचा इमाम सोयीचा होता.

आणि तार जुळलेली राहिल्यामुळे माणूस बिघडतो, हे गृहीतक तरी खरं आहे का? ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये ५२ निरपराधांना मारणाऱ्या चौघांपैकी तिघे इंग्लंडमध्ये जन्मलेले पाकिस्तानी वंशाचे. चौथा जमैकात जन्मलेला, धर्म बदललेला. म्होरक्या मोहम्मद सिद्दीक खान लीड्सच्या एका प्राथमिक शाळेत मुलांना मदत करायचं काम करायचा. मरणापूर्वीच्या चित्रफितीत तो अस्सल यॉर्कशायरच्या हेलात बोलतो. हा न मिसळलेला माणूस आहे? अशा पोरांच्या आजोबांच्या गावच्या इस्लामात पिराच्या दर्ग्यावर चादर होती, गाणं होतं, ताईत होते. नातवाला गावची बोली धड येत नाही, गावाहून आलेल्या मौलवीला इंग्रजी येत नाही. प्रश्न पडले की तो कुठे जाणार? मुळं तोडून सपाट केलेल्या, इंग्रजीत मिळणाऱ्या, कुठल्याच गावच्या नसलेल्या धर्माकडे. जमैकाच्या त्या चौथ्याला तर मागे कुठलं इस्लामी गावच नव्हतं. धोका गावाशी नाळ टिकल्याचा कमी, ती तुटल्याचा जास्त, असं मला वाटतं, आणि हे मिसळण्याचा आग्रह धरणाऱ्यांना गैरसोयीचं आहे.

आपल्या दुटप्पीपणाबद्दल दोन शब्द. न्यू जर्सीतला नातू रामरक्षा म्हणतो तो संस्कृतीचा ठेवा. ब्रॅडफर्डची नात कुराण पाठ करते तो कट्टरपणा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि त्यात काहीच वावगं नाही. यावर कुणी म्हणेल, आमच्या मंडळातून कुणी बाँब फोडायला गेलेला नाही. बरोबर आहे, आणि हा फरक लहान नाही. पण म्हणूनच गुन्ह्याला गुन्हा म्हणावं आणि पाठांतराला पाठांतर. चुलत-मावस भावंडांतली लग्नं हा आणखी एक लाडका मुद्दा. ‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ या दीर्घ अभ्यासात पाकिस्तानी वंशाच्या आयांपैकी सुमारे ६० टक्के जणींचं लग्न रक्ताच्या नात्यात झालेलं आढळलं. त्यातून येणाऱ्या जन्मजात आजारांची किंमत खरी आहे. जेमतेम दहा वर्षांनी त्याच वस्तीत हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आलं. अशा लग्नांवर बंदीचा कायदा नाही, फतवा नाही. मुली कॉलेजात जायला लागल्या, हे त्याचं एक मोठं कारण. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानणाऱ्या महाराष्ट्रात ही गोष्ट कशी बदलत गेली, हे आपल्याला आजीला विचारून कळण्यासारखं आहे.

लांबचा पल्ला पाहायचा असेल तर युरोप सोडून केपटाउनला जावं. तिथे डचांनी सतराव्या शतकापासून आजच्या इंडोनेशियातून आणि भारताच्या किनाऱ्यांवरून गुलाम आणि राजबंदी आणले. त्यांत मुसलमान पुष्कळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बो-काप वस्तीत औवल मशीद उभी केली. पुढे या मदरशांत मुलं जी घरची भाषा बोलत होती तीच लिहू लागली, अरबी लिपीत. ती भाषा आफ्रिकान्स! डच वंशाच्या गोऱ्या बोअरांनी जिला आपल्या वंशाचा मानबिंदू केलं, तिच्या सर्वांत जुन्या लेखनात या मदरशांच्या वह्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून कोकणी मुसलमानही तिथे गेले, आणि त्यांचीही मशीद-जमात वेगळी राहिली. १९६९ मध्ये इमाम अब्दुल्ला हारून वर्णद्वेषी सरकारच्या कोठडीत मेले. मंडेलांच्या मंत्रिमंडळातले पहिले न्यायमंत्री दुल्ला ओमर. म्हणजे सगळं गोड झालं असंही नाही: १९९६ च्या सुमारास त्याच शहरात गुंडांना धडा शिकवण्याच्या नावाखाली निघालेली ‘पगाड’ संघटना स्वतःच हिंसाचारात उतरली. तीनशे वर्षांत एक समाज एवढ्या सगळ्या गोष्टी होऊ शकतो. तक्त्यात त्याला एक रकाना मिळतो.

२७ जून २०२४ ला, साउथपोर्टच्या महिनाभर आधी, जर्मनीत नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. दुहेरी नागरिकत्वाला मुभा मिळाली, आणि ‘पाहुणे कामगारांच्या पिढी’साठी एक सवलत ठेवली गेली: त्यांना लेखी परीक्षा नाही, जर्मन बोलता आलं की पुरे. १९६० च्या दशकात जे दोन वर्षांसाठी म्हणून आले होते ते आता ऐंशीच्या घरात आहेत. अर्ज करायला नातवंडं त्यांना घेऊन जातात.